पहिल्या मरतुकीची तारीख

५ फेब्रुवारी

ताई,

सोबत एक कागद जोडला आहे. पेन्सिलीने फुली केलेल्या दोन जागी तुझी सही हवी. पत्र नंतर वाचलंस किंवा नाही वाचलंस तरी चालेल, पण कागद वीस तारखेच्या आत इथे पोचला पाहिजे. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलं आहे.

कारण असं, की पोल्ट्री अजून आईच्या नावावर आहे. ती गेल्यावर नाव बदलायचं राहून गेलं. करू, करू म्हणत सहा वर्षं गेली. आता सरकारची तातडीची मदत मिळायची तर बाबा, तू आणि मी, तिघांची संमती लागते. रक्कम बाबांच्या खात्यात जमा व्हायला तुझी हरकत नाही, एवढंच कागदावर लिहिलं आहे. त्याने तुझा हक्क जात नाही. मी विचारून घेतलं.

रोगाबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुझ्या प्रयोगशाळेत नमुनेही आले असतील. आमच्याकडे पहिली मरतुक चोवीस जानेवारीला सकाळी दिसली. चारशे बारा. नियमाप्रमाणे लगेच कळवलं. आदल्या दिवशी खालच्या वळणावरच्या काकूंकडे सुरू झालं होतं, त्यामुळे पथक गावात होतंच. एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या, असा हुकूम होता. सव्वीस तारखेला आमच्या पाच हजार दोनशे त्रेचाळीस मारल्या. डिसेंबरातच मोजणी केली होती, सहा हजाराला चार कमी होत्या. एवढी भरलेली शेड आईच्या वेळीही नव्हती.

पथकातली माणसं सभ्य होती. पांढऱ्या पोशाखात सगळे सारखेच दिसतात. एकाच्या हातात मोजायचं छोटं यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की टिक वाजायचं. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून दिवसभर ते ऐकत बसले. दुपारी मी म्हटलं, आत चला. ते म्हणाले, "आवाज आतही येतोय."

तुझा पत्ता काकूंनी दिला. फोन नंबरही देत होत्या, मी घेतला नाही. अकरा वर्षांनी फोन करून सही मागायची, तर आधी काय बोलायचं ते सुचलं नसतं.

बाकी ठीक.

धाकटा

१५ फेब्रुवारी

ताई,

कागद दहा तारखेलाच मिळाला, त्याच दिवशी ऑफिसात दिला. दोन्ही सह्या बरोबर जागी आहेत. सोबत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. सही बदललीस तू. पूर्वी शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढायचीस, ती आता नाही.

काम झालं, म्हणजे आता पत्र लिहायचं कारण उरलेलं नाही. तरी लिहितो आहे. दुपारी करायला काही नसतं.

अजून पाचला जाग येते. उठतो, बूट घालतो, शेडपर्यंत जातो. दार उघडतो, पंखे लावतो, मग आठवतं आणि बंद करतो. आत चुन्याचा आणि औषधाचा वास आहे. आणखी अडीच महिने पक्षी आणायचे नाहीत. ही एक तारखेपासून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. सकाळी सातला गाडी येते, संध्याकाळी सहाला सोडते. घरी आली की बोलत नाही फारसं. म्हणते, दिवसभर यंत्राच्या आवाजात बोलायची सवय जाते. असेल.

मदतीचा पहिला हप्ता मंगळवारी बाबांच्या खात्यात आला. वळणाच्या वरच्या सगळ्यांचा आला. ट्रॅक्टरवाल्याने घरामागे पन्नास कोंबड्या पाळल्या होत्या, त्यालाही मिळाले. काकूंचा मात्र अडकला आहे. त्यांच्याकडून पहिली खबर गेली, म्हणून कागदोपत्री रोग तिथून सुरू झाला असं धरलं आहे. जिथून सुरू झाला तिथली चौकशी होते. जाळी फाटकी होती का, बाहेरचे पक्षी आत येत होते का, स्वच्छता पाळली का. चौकशी संपेपर्यंत पैसे नाहीत, आणि दोष निघाला तर मुळीच नाहीत. काकूंच्या बाराशे होत्या. जाळीला एका कोपऱ्यात भोक आहे म्हणतात. जाळीला भोक कुणाकडे नसतं?

काल त्या वर आल्या होत्या. बाबांशी बोलल्या, मला म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडून बसलास? तुझे तर आले ना पैसे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. गाऱ्हाणं केलं नाही. तुला फोनवर सांगतात का काही? सांगत नसतील.

धाकटा

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांतली पहिली ओळ आणि तीही वजाबाकीची. "५९९६ मधून ४१२ आणि ५२४३ गेल्या. उरलेल्या कुठे आहेत?"

कार्ड आधी हिच्याच हातात पडलं. वाचून म्हणाली, "तुमच्या ताईंचं गणित पक्कं आहे." आणि भांडी घासायला वळली.

अगं, डिसेंबर ते जानेवारी थोडीफार मरतुक होतेच. थंडी होती. मुंगसाने काही नेल्या असतील. तू प्रयोगशाळेत बसून आकडे बघतेस, शेडमध्ये आकडे असे सरळ रेषेत चालत नाहीत. शिवाय मदत फक्त पथकाने मारलेल्यांची मिळते, आपोआप मेलेल्यांची नाही. मग मेलेल्या लपवून आम्हाला काय मिळणार होतं?

हे वर लिहिलं आणि पाणी प्यायला उठलो. परत येऊन वाचलं. लपवून हा शब्द तू वापरला नव्हतास, मीच वापरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तर ऐक. चोवीसच्या आधी थोड्या मेल्या होत्या. बाबा म्हणाले, दोन दिवस थांब, थंडीचं असेल. तुला बाबा माहीत आहेत. मागच्या वेळी पोल्ट्रीला सहा महिने सील होतं, ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांच्यापुढे माझं काय चालणार? तुझं चाललं का?

यावर उत्तर पाठवू नकोस. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो.

धाकटा

३ मार्च

ताई,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मीच सांगितलं होतं, तरी रोज फाटकापर्यंत जाऊन येत होतो.

मागच्या पत्रात बाबांबद्दल लिहिलं ते खरं नाही. बाबांना काहीच माहीत नव्हतं. रोज सकाळी विचारायचे, "तुझ्या अंगाला चुन्याचा वास कसला येतो?" मी सांगायचो, शेडच्या भिंतीला मारतोय. ते म्हणायचे, "अजून किती राहिली भिंत?"

एकोणीस जानेवारीला नऊ मेल्या. तुरे निळे पडले होते. मला कळलं नाही असं म्हणणार नाही. अकरा वर्षांपूर्वी तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडून सगळ्यांना समजावलं होतंस, निळा तुरा, सुजलेलं डोकं, गळणारं नाक. बाबा ऐकत नव्हते. मी ऐकत होतो. बोलत नव्हतो एवढंच. बाबा त्या आजारी कोंबड्या कॅन्टीनला स्वस्तात विकतात हे तू सरकारी ऑफिसात जाऊन सांगितलंस, त्याच्या आदल्या दिवशी मला विचारलं होतंस, "तू माझ्या बाजूने बोलशील ना?" मी हो म्हटलं होतं. मग बाबांनी तुझी बॅग फाटकाबाहेर ठेवली तेव्हा मी पाण्याच्या टाकीवर चढून बसलो होतो. टाकी भरली की नाही ते बघायला. ती सकाळीच भरली होती.

तर एकोणीसला नऊ, वीसला एकतीस, एकवीसला चौऱ्याऐंशी, बावीसला दोनशे सतरा. तुझ्या वजाबाकीचे तीनशे एक्केचाळीस. दोन नंबरच्या शेडमागे, जुन्या बोअरच्या पलीकडे खड्डा आहे. पहाटे उजाडायच्या आत पुरायचो, वर चुना टाकायचो. हिला दुसऱ्या दिवशी कळलं. ती एवढंच म्हणाली, "ऑफिसला फोन करा." मी म्हटलं, उद्या करतो. तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ती मला फारसं काही विचारत नाही. बिस्किटांच्या यंत्राचा त्यात काही दोष नाही.

का केलं, ते नीट सांगता येत नाही. सील लागेल अशी भीती होती. आणि नऊच तर आहेत असं वाटलं. मग एकतीसच तर आहेत असं वाटलं. तेवीसला काकूंकडे सुरू झालं आणि त्यांनी तासाभरात फोन केला. एकट्या बाईने, पूर्ण धंदा जाणार हे माहीत असताना. मग मी पुरायचं थांबवलं. तेवीस आणि चोवीसच्या मिळून ज्या मेल्या त्या तशाच पडू दिल्या, आणि पथकाला म्हटलं, आज सकाळपासून सुरू झालंय. त्यांच्यातल्या पशुवैद्यक बाईंनी माझ्याकडे बघितलं. "एका दिवसात चारशे?" मी म्हटलं, हो. त्यांनी अर्जावर तारीख घातली आणि मी खाली सही केली.

रडू वगैरे येत नाही. जेवण जातं, झोप लागते. काही वाटेल म्हणून वाट बघतो आहे.

धाकटा

११ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकिटात घातलंस ते बरं केलंस. चारच ओळी, पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं, मजकूर बघून नाही. रोग आमच्याकडून काकूंकडे गेला असणार असं तू लिहितेस, आणि विचारतेस की त्या चार दिवसांत दोन्ही शेडमध्ये कोण येत-जात होतं, काय नेलं-आणलं.

तू ऑफिसातून विचारते आहेस की घरातून, ते कळलं नाही. दोन्हीकडून असेल.

काकू आल्या होत्या. एकवीस तारखेला, सकाळी साडेआठला. त्यांच्याकडचे अंड्यांचे ट्रे कमी पडले होते, तीस ट्रे उसने हवे होते. मी तेव्हा नुकता खड्ड्यावरून आलो होतो. त्या म्हणाल्या, "हात पांढरे कसे रे?" मी म्हटलं, भिंतीला चुना मारतोय. म्हणाल्या, "तुझ्यासारखी टापटीप मला जमत नाही बाबा, एकटीने किती करणार."

ताई, नाही म्हणता आलं असतं. माझेच कमी आहेत म्हटलं असतं तर त्या उलट पावली गेल्या असत्या. पण मी कधीच त्यांना नाही म्हणत नाही. त्या दिवशी म्हटलं असतं तर त्यांना चमत्कारिक वाटलं असतं, त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून दिले. बरं, दोन नंबरच्या शेडमध्ये स्वच्छ ट्रे होते. तिथे अजून एकही मेली नव्हती. पण तिकडे जायचं म्हणजे अंगण ओलांडायचं आणि काकू सोबत आल्या असत्या, शेडमागची ओली माती दिसली असती. एक नंबरच्या दाराशी ट्रेची थप्पी होती. ती उचलून त्यांच्या हातगाडीवर ठेवली. वर दोरी बांधून दिली, वाटेत पडू नये म्हणून.

दोन दिवसांनी त्यांच्या मरायला लागल्या.

हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे ते तू लांब आहेस म्हणून, आणि तू असंही माझ्याशी बोलत नाहीस म्हणून. गमावण्यासारखं काही नाही, असा हिशोब केला.

परवा काकूंकडे चौकशीची माणसं आली होती. त्यांनी जाळीच्या भोकाचे फोटो काढले. मी वरून बघत होतो. काकू त्यांच्यामागे फिरत होत्या, हातात तार आणि पक्कड घेऊन, जणू आत्ता भोक बुजवलं तर चालणार आहे. ती माणसं गेल्यावर त्यांनी खरंच ते बुजवलं. आत एक पक्षी नाही.

संध्याकाळी वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमचं सगळ्यांचं गेलं रे. जाळी वेळेवर शिवली असती तर." बाबा म्हणाले, "असं काही नसतं वहिनी, रोग कुणाला विचारून येत नाही." मी तिथेच बसलो होतो. चहाचा कप हातात होता. पिऊन टाकला.

तू घर सोडलंस तेव्हा पहिला आठवडा त्यांच्याकडे राहिली होतीस. बाबांच्या रागाला न भिता त्यांनी तुला ठेवून घेतलं. आम्ही वरून बघायचो, त्यांच्या खिडकीत दिवा असायचा. बाबा काही बोलायचे नाहीत. आईही नाही. मीही नाही. आपल्या घराला तोंडाला कुलूप लावायची जुनी सवय आहे, तू सोडून.

धाकटा

२० मार्च

ताई,

जाऊन आलो.

तू जा म्हणून लिहिलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर कदाचित गेलोही नसतो.

सोमवारी जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. मदतीचं काम दुसऱ्या मजल्यावर आहे, जिन्यात भिंतीला लागून लोक बसलेले होते, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. दोन तासांनी नंबर लागला. त्याच पशुवैद्यक बाई होत्या. पांढरा पोशाख नव्हता म्हणून आधी ओळखल्या नाहीत. मी म्हटलं, अर्जातली तारीख चुकली आहे, दुरुस्त करायची आहे.

"कुठली तारीख?"

"पहिली मरतुक. चोवीस नाही, एकोणीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या, "तुम्ही चहा घेऊन या." तो म्हणाला, आत्ताच घेतला. त्या म्हणाल्या, "परत घ्या."

तो गेल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना काय सांगताय ते? तुमचा पहिला हप्ता जमा झालाय. दुसरा या आठवड्यात निघतोय. हे लेखी दिलंत तर दुसरा रद्द, पहिला परत करावा लागेल. वर दंड होईल. किती, ते माझ्या हातात नाही."

"कळतंय."

"कुणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"मग आता का?"

मी ट्रेचं सांगितलं. त्यांनी तारखा एका चिटोऱ्यावर टिपून घेतल्या. शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये मी विचारलं होतं, एका दिवसात चारशे? तुम्ही हो म्हणालात आणि मी लिहून घेतलं. दिवसभरात सातवी शेड होती ती." मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढून दिला. "तुमच्या अक्षरात लिहा. कुणाच्या सांगण्यावरून नाही, हेही लिहा."

लिहायला पंधरा मिनिटं लागली. खड्ड्याची जागा कागदावर काढून दाखवली. काकूंचं काय होईल, विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिली खबर त्यांनी दिली आणि सुरुवात त्यांच्याकडून नाही, एवढं सिद्ध झालं की त्यांची फाईल सुटते. खड्ड्याचे नमुने घ्यावे लागतील. दहा-बारा दिवस."

खाली उतरल्यावर वाटलं होतं, हलकं वाटेल. भूक लागली होती. समोरच्या टपरीवर दोन पाव खाल्ले आणि बस पकडली.

मग घरी न जाता काकूंकडे गेलो. त्या अंगणात रिकामी खाद्याची पोती झटकून घड्या घालत होत्या. उभ्यानेच सांगितलं. आधी एकोणीस तारखेचं, मग खड्ड्याचं, मग ट्रेचं. ट्रेपर्यंत आलो तेव्हा त्यांचा हात थांबला.

"एकवीसला?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुला टापटीप म्हटलं होतं."

"हो."

"आणि तू दोरी बांधून दिलीस."

मी मान डोलावली.

"दीड महिना मी त्या जाळीपुढे बसून रडले आहे. तुझ्या बाबांची माफी मागितली. तू समोर होतास."

"होतो."

पोत्याची घडी त्यांनी पूर्ण केली आणि बाकीच्यांवर ठेवली. "माझा कागद सुटेल का आता?"

"सुटेल म्हणाल्या. दहा-बारा दिवस."

"बरं. जा आता. आणि मी बोलवेपर्यंत खाली येऊ नकोस."

मी वळलो तेव्हा मागून म्हणाल्या, "ताईला माहीत आहे?" मी म्हटलं, तिनेच आधी ओळखलं. त्या म्हणाल्या, "ती ओळखणारच." आणि आत गेल्या. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हिला घरी येऊन सांगितलं, ट्रेसकट. तिने डबा घासून पालथा घातला. मग म्हणाली, "कारखान्यात गोदामाला माणूस हवाय. उद्या विचारते."

बाबांना अजून सांगायचं आहे.

धाकटा

३१ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. दंडाच्या रकमेत तुझ्या वाट्याचं तू भरशील असं लिहिलंस. भरू नकोस. सही तू विश्वासाने केली होतीस, त्या कागदावरचं खोटं माझं होतं. दोन नंबरच्या शेडचे पत्रे, पंखे आणि पाण्याची लाईन विकायला काढली आहे. एक गिऱ्हाईक बघून गेलं. पहिला हप्ता तसाच होता, तो परत भरला. मी परवापासून बिस्किटांच्या गोदामात जातो. काम जड नाही, खोकी मोजून गाडीत चढवायची. तिथे मला कुणी ओळखत नाही. गावात ओळखतात. ट्रॅक्टरवाला बोलत नाही. त्याच्या पन्नासही माझ्याचमुळे गेल्या, हे त्याने सगळ्यांना सांगितलं आहे आणि ते खरं आहे.

खड्डा बावीस तारखेला उकरला. त्याच बाई आल्या होत्या. बाबांना आदल्या संध्याकाळी सांगावंच लागलं. सकाळी पथक शेडमागे का जातंय, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. तुझ्या वेळी ओरडले होते तसे. ते म्हणाले, "चार दिवस तू मला भिंत सांगत होतास." एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, हिच्याशी बोलायचे. ताट वाढलं की जेवायचे, पेपर वाचायचे, नेहमीसारखं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि काठी घेऊन निघाले. मी म्हटलं, कुठे निघालात, सोबत येतो. म्हणाले, "तुला तिथे बंदी आहे." खालच्या वळणापर्यंत जायला त्यांना अर्धा तास लागला. मी फाटकात उभा होतो. वाटेत दोनदा दगडावर बसले. काकू पायरीवर होत्या. त्यांनी बाबांना आत बोलावलं नाही आणि घालवलंही नाही. बाबा खालच्या पायरीवर बसले. तासभर दोघं तिथे होते. बाबा बोलत होते, काकू बहुतेक ऐकत होत्या. बाबांना एवढं सलग बोलताना मी तरी बघितलेलं नाही. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काकूंची फाईल सुटली. काल खात्यात पैसे आले, हिला रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं. मला निरोप नाही. नसणारच.

आज दुपारी बाबांनी मला हाक मारली. तुझी सगळी पत्रं त्यांच्यापुढे होती. मी टेबलाच्या खणात ठेवतो, तिथून काढली असणार. चष्मा पुसत होते. म्हणाले, "तुझी ताई जिथे काम करते तिथे रविवारी सुट्टी असते का?"

मी म्हटलं, असेल.

"असेल म्हणजे काय? नक्की माहीत नाही तुला?"

"नाही."

"अकरा वर्षांत विचारलं नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत?"

ताई, असं मी बाबांशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा घातला. मग पत्रं एकावर एक नीट लावली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

"मी तिची बॅग बाहेर ठेवली होती," ते म्हणाले. "तिला विचारायचं तोंड मला नाही. तू विचार."

"काय विचारू?"

"येतेस का, ते. आणि कुठल्या गाडीने. उन्हातून चालत नको यायला."

म्हणून विचारतो आहे.

धाकटा